कांगासांची ओळ

मी बोलतोय. तीस वर्षं टेलिफोनच्या शेजारी लटकून मी सगळ्या गावाचं बोलणं ऐकलं, पण माझा स्वतःचा शब्द कधी कुणाच्या कानी गेला नाही. आता या जुन्या वस्तूंच्या दुकानात, दोन केटल्या आणि एक बिनझाकणाची बरणी यांच्यामधे पडून आहे. गिऱ्हाईक फारसं फिरकत नाही. तेव्हा सांगून टाकतो.

मी टेलिफोन डिरेक्टरीचा बाइंडर. दोन जाड काळी कव्हरं, पाठीला पत्रा, आणि पाठीच्या आत स्प्रिंग आणि एक पोलादी सळई. डिरेक्टरी बरोबर मध्यावर उघडायची, सळई त्या घडीत बसवायची, तिचं टोक खटक्यात दाबायचं, आणि कुलूप लावायचं. मग ते पुस्तक कुणाला काढून नेता येत नाही. किल्ली टेलिफोन कंपनीच्या माणसाकडे.

एकोणीसशे एकसष्ट साली ओहायोमधल्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथल्या एका बाईनं माझी स्प्रिंग तीनदा ओढून पाहिली, "हा सोडणार नाही," असं म्हणाली आणि मला पेटीत टाकलं. तिचं ते वाक्य मी फार मनावर घेतलं.

मिशिगनच्या उत्तर टोकाला, तांब्याच्या खाणींच्या मुलखात, पेनरॉकच्या बस डेपोत मला टांगलं. फोनच्या फळीखाली लोखंडी नळी होती, तिला. पाठ वर, पानं खाली. नंबर हवा असलेल्यानं मला खालून उचलून फळीवर उताणं करायचं, बघायचं आणि हळूच सोडायचं. हळूच कुणी सोडत नसे. मी धाडकन खाली यायचो आणि बराच वेळ झोके खात राहायचो.

माझ्या कव्हरावर गावातल्या एका दुकानाची जाहिरात होती: फर्निचर आणि अंत्यविधी. दोन्ही एकाच ठिकाणी. बोलता बोलता लोक त्या जाहिरातीतल्या खुर्चीला पेन्सिलीनं मिशा काढत. बोटाला थुंकी लावून पानं उलटत. बाहेरगावचा माणूस आला की आधी स्वतःचं आडनाव शोधायचा आणि सापडलं की उगाच खूश व्हायचा. कागद नसला की लोक सरळ पान फाडून नेत. सळईला घट्ट धरून मी जमेल तेवढं वाचवलं. पण फाडणाऱ्याच्या हातापुढे सळई काय करणार?

डेपोच्या खिडकीवर आयली कांगास बसे. तिकिटं तीच देई, कॉफी तीच करी, सकाळी बटाट्याच्या पास्ट्या, म्हणजे तळहाताएवढ्या भाजक्या करंज्या, भट्टीतून तीच काढी. तिचा नवरा अरविड खाणीत होता. मुलगा एकच, लेलंड. शाळेतून आला की तो फोनच्या फळीवर कोपरं टेकून एका मुलीशी बोलत उभा राही. एकदा बोलता बोलता त्यानं आजोबांनी फिनलंडहून आणलेल्या चाकूनं माझ्या खालच्या कोपऱ्यात खाच पाडली. तीन रेघा. दुखलं नाही, पण लक्षात राहिली.

एकोणसत्तर साली सक्तीच्या भरतीत लेलंडला लढाईवर बोलावणं आलं. तो गेला नाही. कॅनडात निघून गेला. अरविड स्वतः जुन्या लढाईतून पायात गोळी घेऊन आलेला माणूस. "या घरात फोन मी उचलतो," तो म्हणाला, "आणि त्या पोराचा आवाज मला ऐकायचा नाही." हे आयलीनंच हेल्मीला सांगितलं. हेल्मी तिची मैत्रीण, समोरच्या लाँड्रीत कामाला, रोज दहा वाजता कॉफीला येणारी. लेलंडची पत्रं येत. अरविड ती न फोडता परत पाठवी. आयलीला हे कळलं तेव्हा पत्रं यायची थांबली होती, आणि पत्ता कुठल्याच कागदावर नव्हता.

पुढे गावात टेलिफोनची नवी यंत्रं आली आणि सगळ्यांचे नंबर बदलले. पूर्वी ऑपरेटरला 'एकशे चौदा द्या' म्हटलं की कांगासांचं घर लागे. आता सात आकडे. लेलंडला ठाऊक होता तो फक्त एकशे चौदा.

बहात्तरच्या फेब्रुवारीत अंगणातला बर्फ उपसता उपसता अरविड खाली बसला, तो उठलाच नाही.

वसंतात नवी डिरेक्टरी आली. कंपनीच्या क्लिफर्डनं कुलूप काढलं, जुनं पुस्तक ओढलं, नवं बसवलं. आयलीनं लगेच 'के'चं पान काढून ओळीवर बोट ठेवलं. 'कांगास, अरविड'. होतं तसंच.

"मेलेल्या माणसाला कोण फोन करतंय गं?" हेल्मी म्हणाली.

"तुझ्या घरी कुणाचं नाव आहे?"

"आमच्या मॅटीचंच. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन."

"मग? एकट्या बाईचं नाव छापलं की नको ते लोक फोन करतात. आणि लेलंड कधी शोधायला लागला, तर कशाखाली शोधेल? बापाच्याच नावाखाली ना."

आमच्याकडे असंच चाले. पेनरॉकच्या डिरेक्टरीतले कितीतरी पुरुष टेकडीवरच्या दफनभूमीत होते, आणि त्यांचे फोन त्यांच्या बायका उचलत. गावात याचं कुणाला काही वाटत नसे. कारण कोण गेलं हे गावातल्या सगळ्यांना माहीत असे.

चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर. रविवार. रविवारी आयलीची सुट्टी आणि खिडकीवर म्हातारा वाइनो, ज्याला चष्मा लावूनही तिकिटावरचं गाव वाचता येत नसे.

दुपारी एकच्या बसनं एक दाढीवाला उतरला. कोटाची कॉलर वर केलेली.

"एक पास्टी. कॉफी."

"केचप?"

"हो."

"थंडी लवकर आली यंदा."

"हं."

तो भिंतीकडे तोंड करून खात होता. त्या दिवसांत कॅनडातून परत आलेल्यांना धरत असत. सरकारचे दोन कोटवाले आयलीकडे चौकशी करून गेलेही होते. ओळखीच्या गावात तो कुणाला काय विचारणार?

खाऊन झाल्यावर तो फोनपाशी आला. मला उचललं, आणि त्याचा अंगठा न शोधता माझ्या खालच्या कोपऱ्यावर गेला. तीन रेघांवर. तिथंच थांबला.

मी त्याला ओळखलं. बोलता आलं असतं तर एवढंच म्हणालो असतो: बाबा, ती घरीच आहे. एकटीच आहे.

त्यानं 'के'चं पान काढलं. वरून दुसरी ओळ. बोट अरविडच्या नावाखाली थांबलं.

"आहे अजून म्हातारा," तो हळूच म्हणाला.

तरीही त्यानं नाणं टाकलं. सातही आकडे फिरवले. तिकडे फोन वाजताना मला ऐकू येत होता. एकदा. दोनदा. तिकडून कुणाचा आवाज यायच्या आधीच त्यानं फोन खाली ठेवला. नाणं खळकन परत पडलं. ते घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

मी पान पसरून धरून होतो. माझं काम तेवढंच, आणि ते मी चोख केलं होतं. जे छापलेलं होतं ते त्याला दाखवलं होतं.

मग त्यानं चाकू काढला आणि ती एक ओळ, बोटाच्या रुंदीची, सरळ कापून घेतली. पाकिटात ठेवली. मला त्यानं दोन्ही हातांनी हळूच खाली सोडलं. तीस वर्षांत असं सोडणारा तो एकटाच. चारच्या बसनं तो कॅनडाच्या हद्दीकडे परत गेला.

सोमवारी आयली फळी पुसत होती. पुसून झालं की 'के'चं पान बघायची तिची सवय होती. तिनं मला उचललं. पानात ओळीएवढी खिडकी पडलेली दिसली. तिनं तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

हेल्मी आली. "फाडलं वाटतं कुणी मेल्यानं?"

"फाडलेलं नाही हे. कापलंय."

"बरं, कापलंय."

"हेल्मी, या गावात पान कापून कोण नेतं? सगळे फाडतात." तिनं फोनच्या खाचेत बोट घातलं. नाणं निघालं. ते तिनं मुठीत धरलं. "काल दुपारी घरी फोन वाजला. मी कणीक मळत होते. वेलदोडा घातलेला पाव करणार होते. दोनदा वाजला, हात पुसून जाईपर्यंत बंद."

वाइनोला बोलावून घेतलं.

"काल कोण होतं?"

"दाढीवाला एक."

"कसा होता?"

"दाढीवाले मला सगळे सारखेच दिसतात बाई. पण पास्टीवर केचप घेतलं त्यानं. बाहेरचे घेत नाहीत. म्हणजे इकडचाच."

आयली खुर्चीवर बसली. हेल्मीला कळलं ते तिच्याही लक्षात आलं होतं, पण बोलली हेल्मीच. "अरविडचं नाव बघितलं त्यानं. त्याला वाटलं, बाप उचलेल."

"मीच ठेवलं होतं ते नाव."

"सगळ्याच ठेवतात गं."

"त्याच्यासाठी ठेवलं होतं."

त्या दिवशी त्या दोघींनी कॉफी घेतली नाही. ती थंड झाली आणि हेल्मीनं ती ओतून दिली.

क्लिफर्ड आला तेव्हा आयलीनं सांगितलं, नाव बदलायचं.

"ठीक. ए. कांगास टाकू? एकट्या बायका नुसतं आद्याक्षर देतात. बरं असतं."

"ए म्हणजे अरविडही होतो. पूर्ण टाका. आयली."

"आणि नंबर?"

"नंबरचा एकही आकडा हलवायचा नाही. तो त्याच्या खिशात आहे."

पंच्याहत्तरच्या डिरेक्टरीत 'कांगास, आयली' छापून आलं. त्या पानाला तिनं बोटानं इतकं घासलं की शाई फिकट झाली. हेल्मी दर सोमवारी विचारायची, "वाजला का?"

"वाजला. खिडक्यांच्या काचा विकणारा होता."

किंवा, "वाजला. कुणीतरी नुसताच श्वास घेत होता."

"तो असेल?"

"नाही. तो मग घाण बोलला. नाव वाचून करतात मेले." तरी तिनं नाव काढलं नाही.

सत्त्याहत्तरला कॅनडात गेलेल्या मुलांना सरकारनं माफी दिली. डेपोतल्या रेडिओवर बातमी लागली. आयलीनं त्या हिवाळ्यात येणाऱ्या प्रत्येक बसच्या दाराकडे पाहिलं. पुढच्या हिवाळ्यातही. मग ती दाराकडे पाठ करून कॉफी ओतायला शिकली, पण बस थांबली की तिचा हात थांबायचा.

तिच्या बहिणीनं तिला मार्केट नावाच्या शहरात राहायला बोलावलं. आयलीचं घर जुनं, थंडीत आतल्या बादलीतलं पाणी गोठायचं. क्लिफर्डला तिनं विचारलं, नंबर तिकडे नेता येईल का?

"नाही बाई. नंबर गावाचा असतो."

मग ती गेली नाही. आणखी नऊ हिवाळे तिनं त्या घरात त्या सात आकड्यांसाठी काढले. दर वसंतात नवं पुस्तक, दर वसंतात तेच बोट.

शहाऐंशीचं पुस्तक क्लिफर्डनं बसवलेलं शेवटचं. उन्हाळ्यात तो निवृत्त झाला आणि सरोवरात मासे धरताना किल्ल्यांचा जुडगा पाण्यात पडला, असं तो स्वतःच हसत सांगून गेला. त्याच डिसेंबरात आयली गेली. न्यूमोनिया झाला होता.

दफनानंतर हेल्मी काळ्या कोटात डेपोत आली. मला उचलून फळीवर ठेवलं, 'के'चं पान काढलं. नंबर तिला पाठ होता, तरी तिनं पाहून फिरवला. तिकडे फोन वाजत राहिला. रिकाम्या घरात, गार स्वयंपाकघरात. तिनं वाजू दिला. दुसऱ्या दिवशी आली, पुन्हा वाजू दिला. चौथ्या दिवशी वाजला नाही. एक बाई यंत्रातून म्हणाली, हा नंबर आता चालू नाही.

"आता त्यानं केला तर हे ऐकेल," हेल्मी म्हणाली. कुणाला म्हणाली ठाऊक नाही. मीच होतो तिथे.

पुढच्या वसंतात कंपनीचा नवा माणूस नवी डिरेक्टरी घेऊन आला. त्याच्याकडची एकही किल्ली मला लागेना. त्यानं मला दोन लाथा घातल्या आणि नवं पुस्तक तसंच फळीवर ठेवून गेला. त्यात कांगासांच्या यादीत एक ओळ कमी होती. ते पुस्तक आठवड्याभरात चोरीला गेलं. माझं कुणाला नेता आलं नाही.

एक्क्याण्णवला बस बंद झाली, मग डेपो, मग फोनही काढला. मी लिलावातून लिलावात फिरत इथं आलो. दुकानदार परवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या खटक्याशी झटत होता. आतलं जुनं पुस्तक काढून टाकलं तर बाइंडर चांगला विकला जाईल, असं त्याचं म्हणणं. स्प्रिंग गंजली आहे. पुढच्या खेपेला मी टिकेन असं वाटत नाही.

म्हणून विनंती. मी तरुणपणी लेलंडच्या हाती पान दिलं, आणि ते चुकीचं होतं. आता माझ्याजवळ बरोबर पान आहे. तो सत्तरी ओलांडलेला असेल, असलाच तर. पाकिटात कागदाची एक पट्टी असेल, बोटाच्या रुंदीची, पिवळी झालेली. असा कुणी तुमच्या पाहण्यात आला तर त्याला या दुकानाचा पत्ता द्या. वाट दाखवावी लागणार नाही. मला उचलल्यावर खालच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आपोआप जाईल. मग 'के'चं पान काढायला सांगा. वरून दुसरी ओळ. तिथं आईचं नाव आहे, पूर्ण, तिनं सांगितलं तसं. नंबर तोच आहे, त्याच्या पट्टीवरचा.

तोवर सळईनं ते पान धरून आहे. मला दुसरं काही येत नाही.