मला खोटारडा म्हणाली धनश्री

मी एक जुना आरसा आहे. बीडच्या एका दुकानात मला कापलं, लोखंडी कपाटाच्या दारात बसवलं आणि उज्ज्वलाकाकूंच्या लग्नात मी शिरूर कासारला आलो. मित्रांनो, या घरात माझी चांगली वट होती. काकूंची पुतणी धनश्री माझ्यासमोरच वेण्या घालायला शिकली.

ती दहावीत असताना तिचे आई-बाप तिला काकूंजवळ ठेवून ऊसतोडीला गेले. बोलता यावं म्हणून त्यांनी तिला मोबाईल दिला. फोन होता आई-बापासाठी. त्यात दिवसभर ठाण मांडून बसले भलतेच लोक. माझ्याकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही.

नारायणगडच्या जत्रेत वर्गातल्या संस्कृतीनं सगळ्या मैत्रिणींचा फोटो काढला. बाकीच्यांचे चेहरे मोबाईलमध्ये उजळ केले, धनश्रीचा मुद्दाम तसाच ठेवला. फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'आमच्यात ही कोण?' मग सगळा वर्ग तुटून पडला. ज्यांना अजून मिसरूड फुटलं नव्हतं, तेही तिच्या रंगाची मापं काढत होते.

धनश्रीचं जेवण सुटलं. मोबाईलमधल्या एका बाईनं सांगितलेलं गोरं होण्याचं मलम तिनं मागवलं आणि रोज चोळलं. गाल भाजल्यासारखे लाल झाले, सालपटं निघाली. मी दाखवलेला चेहरा तिला पटेना; माझ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "खोटारडा हाय तू."

मला तिचा राग आला नाही. त्या मलमवालीचा आला. तिनं या पोरीला कधी पाहिलंही नव्हतं.

शेवटी धनश्री शाळेत चक्कर येऊन पडली. काकूंनी तिला बीडला डॉक्टरकडे नेलं. मलम बंद झालं. काकू रोज तिच्या ताटाजवळ बसू लागल्या.

एक दिवस संस्कृती घरी आली.

"गंमत होती गं," ती म्हणाली.

"मग मला हसू कावून आलं न्हाई?"

संस्कृतीनं मान खाली घातली. "मलाबी माझा चेहरा तसाच टाकायची भीती वाटती. लोक काय म्हनतील?"

"तुला भीती वाटती म्हनून मला पुढं केलंस?"

संस्कृतीनं मोबाईल बाहेर काढला. तिनं तिथंच तो फोटो काढून टाकला. धनश्रीनं तिला लगेच माफ केलं नाही, आणि बरंच केलं.

गालांवरचे डाग अजून पुरते गेलेले नाहीत. तरी ती तोंड न झाकता शाळेत जाते.

मित्रांनो, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो टाकू नका. कुणी जेवायचं थांबलं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. कुणी कुणाच्या रंगाला हसलं, तर त्याला तिथल्या तिथं अडवा. मी काच आहे, मला ते जमलं नाही. तुम्हाला तोंड आहे.