दोरीवरची हकिगत

आईची खोली आवरायला मी गेले, तर ती आधीच आवरून झाली होती. टेबलावर दोन खोकी आणि एक काळी पिशवी. समोरासमोरच्या भिंतींत दोन खिळे, आणि त्यांच्या मध्ये काही नाही.

"रंगवाला येणार होता मॅडम," अधीक्षकबाई म्हणाल्या. "आम्हाला थांबता येत नव्हतं."

भिंतींना रंगाचा थेंबही लागलेला नव्हता.

"आणि दोरी?"

"पिशवीत आहे. चिमटे, कार्डं, सगळं आहे. आम्ही काही टाकत नाही."

"कार्डांचा क्रम?"

"कसला क्रम?" त्यांनी खरंच विचारलं.

मुलींचे खटले संपेपर्यंत त्यांना ठेवण्याचं हे निरीक्षणगृह. त्यांतल्या कितीतरी जणींना स्वतःची हकिगत धड सांगता येत नाही, असं आई म्हणायची. खोटारडेपणा म्हणून नव्हे. लांब वाक्य अर्ध्यावर हातातून निसटतं, आधीचं आणि नंतरचं यांचा गुंता होतो, आणि समोरचा मोठा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. अशा मुलींना बोलतं करणं हे आईचं काम. त्यासाठी तिने खोलीत कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. मुलीने घडलेली एक गोष्ट एका कार्डावर काढायची, चिमट्याने दोरीला लावायची. मग दुसरी. मग ती पुढे-मागे सरकवायची, जुळेपर्यंत. मोठ्यांनी एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. चित्रं मुलींनीच काढायची, कारण आईने काढलेला घोडा आणि आईने काढलेला सोफा यांत फरक सांगणं अवघड होतं. "घाई असेल तर बस पकडा, माझ्या खोलीत येऊ नका," असं ती वकिलांनासुद्धा सुनवायची.

मुलींची नावं तिने घरी कधी घेतली नाहीत. शेवटच्या दिवसांत जिच्याबद्दल बोलत होती तिला ती खार म्हणायची. गालात काहीतरी साठवल्यासारखी बसते आणि बिथरली की हसते, म्हणून. "तिचं हसणं म्हणजे वाक्य लांब झालं," दवाखान्यातल्या पलंगावरून आई सांगत होती. "कोर्टात कोण सांगणार हे?"

खारीची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती.

ती आणि तिची धाकटी बहीण एका वसतिगृहात राहायच्या. तिथल्या बाईंना इस्त्री फेकून मारल्याचा आळ खारीवर होता. पोलिसांना तिने सांगितलं ते असं: इस्त्री फेकली, बाईंच्या कपाळातून रक्त आलं, धाकटी कोठीत होती. त्यांनी त्याच क्रमाने लिहून घेतलं, आणि खाली शेरा मारला की जबाब देताना मुलगी हसत होती. खरा क्रम शोधायला आईला दोरीवर बरेच आठवडे लागले होते. तो आता काळ्या पिशवीत एकमेकांत मिसळून पडला होता.

"मला तिला भेटता येईल का? कार्डं परत लावून घेते."

"कोण म्हणून भेटणार?" अधीक्षकबाईंचा सूर वाईट नव्हता, तेच जास्त लागलं. "नातेवाईक नाही, वकील नाही, आमच्या कर्मचारी नाही. आणि हो, मुलींना आम्ही त्यांच्या बाई, म्हणजे तुमच्या आई, रजेवर आहेत असं सांगितलंय. उगाच रडारड नको."

"कधीपर्यंत रजेवर?"

"नवीन माणूस येईपर्यंत."

"कधी येणार?"

"जागा आधी मंजूर व्हायला हवी ना, मॅडम."

मी पुस्तकांचं संपादन करते. दुसऱ्यांची वाक्यं आखूड करण्यावर माझं पोट चालतं. त्या खोलीत मला एकही वाक्य सुचलं नाही.

खारीच्या वकिलाला फोन केला. आवाजावरून तो जेवत असावा. "तारीख पुढची मागू शकतो ताई, पण मग ती तेवढे दिवस आत राहील. धाकटी अजून त्याच वसतिगृहात आहे, हिचा जीव तिकडे. उद्या चालवलं, तर ही हसणार आणि सगळं मुसळ केरात. तुम्ही दोरी घेऊन या. आत यायचं मी बघतो. पण तोंडातून शब्द काढलात तर साहेब बाहेर काढतील. मलाही."

घरी मावशी भेटायला येणाऱ्यांना पाणी देत बसली होती. प्रत्येक जण विचारत होता, कसं झालं? मी सांगत होते, आणि दर वेळी शेवटापासून सुरुवात करत होते. "अगं, पहिल्यापासून सांग," मावशी मध्येच म्हणाली. मी उठून पिशवीतले चिमटे मोजल्यासारखं करत बसले.

सुनावणीची खोली लहान होती. एक लांब टेबल, त्यामागे न्यायाधीश, बाजूला टंकलेखक. भिंतींत खिळा नव्हता, खुंटी नव्हती. वसतिगृहाच्या बाई कपाळावरचे केस मागे घेऊन आल्या होत्या. व्रण भुवईच्या वर होता आणि खरा होता. निरीक्षणगृहाचे पहारेकरी, ज्यांना सगळ्या मुली मामा म्हणतात, खारीला घेऊन आले. ती माझ्या कल्पनेपेक्षा उंच होती. गाल मात्र आईने सांगितले तसेच.

"या कोण?" न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"साहित्य, साहेब," वकील म्हणाला. मग सावरून, "म्हणजे साहित्य घेऊन आल्यात."

"कसलं साहित्य? ही काय कपडे वाळत घालायची जागा आहे?"

वकिलाने समजावलं. त्याची वाक्यं लांब होती, तरी त्याने प्रयत्न केला. न्यायाधीशांनी समोरच्या फायलींच्या चळतीकडे पाहिलं. "पाच मिनिटं."

दोरीचं एक टोक मी धरलं, दुसरं मामांनी. खारीने पिशवी उघडली, कार्डं टेबलावर ओतली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की टंकलेखकाने जांभई दिली. मग तिने रक्ताचं कार्ड उचलून सुरुवातीलाच, माझ्या मुठीजवळ लावलं.

माझ्या मनात आलं, संपलं.

तिने ते काढलं आणि दोरीच्या पार टोकाला, मामांच्या मुठीजवळ नेऊन लावलं. त्याच्या अलीकडे इस्त्री आणि फुटलेली काच. मग माझ्या बाजूला येऊन पहिलं कार्ड लावलं: फुटलेली ताटली. दुसरं: एक छोटी मुलगी, बंद दार, दाराला वरच्या बाजूला काच. मुलीच्या तोंडाभोवती तिने आडव्या रेघा मारल्या होत्या. "धाकटी," ती म्हणाली. "तिला दमा आहे."

माझा हात भरून आला होता. दोरी सैल पडू नये म्हणून मी कोपर पोटाशी दाबलं.

न्यायाधीश पुढे झुकले. "म्हणजे तुझं असं म्हणणं आहे का, की तुझी बहीण आधीपासून आत कोंडलेली होती आणि तिला बाहेर काढण्यासाठी म्हणून तू काच फोडलीस, आणि तसं जर असेल तर किल्ली न मागता एकदम इस्त्री का उचललीस, आणि हे सगळं तू जबाबात का नाही सांगितलंस?"

खार हसली.

चांगली मोठ्याने, दात दाखवून. वसतिगृहाच्या बाईंनी वकिलाकडे पाहिलं, बघा म्हणून.

"हसण्यासारखं काय आहे यात?" न्यायाधीशांचा आवाज चढला. "लिहून घ्या."

टंकलेखकाची बोटं चालू झाली. मला माहीत होतं. त्या खोलीत ते हसणं वाचता येणारी मी एकटी होते, आणि मी साहित्य होते. वकिलाने माझ्याकडे बघून जेमतेम मान हलवली: नको. मी दात आवळले. दोरी माझ्या तळहातात रुतली. आई असती तर टेबलावर हात आपटून उभी राहिली असती.

खारीने हात वर केला. तळवा पुढे, बोटं मिटलेली. भाजीवाल्याने जास्त भाव सांगितला की आई अगदी असाच हात करायची.

"एक एक," ती म्हणाली. "एक एक विचारा."

टंकलेखक थांबला. न्यायाधीश काही क्षण तिच्याकडे बघत राहिले. रागवायचं की नाही, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं.

"किल्ली मागितलीस?"

"हो."

"कधी?"

ती दोरीजवळ गेली. बंद दार आणि इस्त्री यांच्या मधल्या रिकाम्या दोरीवर बोट ठेवलं. "इथे."

"तिथे चित्र नाही."

"काढायचं होतं. मग बाई रजेवर गेल्या."

मामांनी मान खाली घातली.

न्यायाधीशांनी निर्णय दिला नाही. धाकटीचा जबाब आधी नोंदवावा, तिला दुसऱ्या जागी हलवावं, आणि तज्ज्ञाचा अहवाल पुढच्या तारखेला हजर करावा. कोणत्या तज्ज्ञाचा? जागा मंजूर नाही, हे सांगायला वकिलाने तोंड उघडलं, तोवर पुढची फाईल पुकारली गेली होती. हसल्याची नोंद खोडली की राहिली, तेही कळलं नाही. मी विचारलं तर शिपाई म्हणाला, "ताई, चला, दोरी आवरा, पुढचे लोक अडखळतील."

"अर्धा गड आला," बाहेर येऊन वकील म्हणाला आणि पुढच्या खटल्याला पळाला. अर्धा गड म्हणजे काय, ते खारीला कोण सांगणार होतं?

जिन्यात मामा दोरी कोपर आणि पंजाभोवती गुंडाळत उभे होते. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. खार माझ्याकडे बघत होती.

"बाई कधी येणार?"

मला रजेचं वाक्य शिकवलेलं होतं. त्याच्यापेक्षा बरी, मऊ, लांब वाक्यंही माझ्याकडे होती. गेले कित्येक दिवस मी तीच वापरत होते.

"माझी आई होती ती," मी म्हणाले. आणि थांबले.

तिने मान हलवली.

"ती वारली."

खार हसली. दात दाखवून, चांगली मोठ्याने. खालच्या पायरीवरून जाणारी एक बाई वळून बघायला लागली. मी काहीच बोलले नाही. हसू हळूहळू विरलं, आणि ती गालात काहीतरी धरल्यासारखी उभी राहिली. मी थांबले. हॉर्न पुन्हा वाजला, मग लागोपाठ दोनदा.

"आधी काय झालं?" तिने विचारलं.

मामांनी कठड्यावरून खाली वाकून ड्रायव्हरला हाक मारली, "अरे थांब जरा! इथे बोलणं चाललंय."