अक्रोडांनी राखलेली गढी

मित्रांनो, मी एक जुनी गढी आहे. पण माझ्या अंगावर तोफगोळ्याचा एकही ओरखडा तुम्हाला सापडणार नाही. फ्रान्सच्या पेरिगोर भागात, नदीकाठच्या टेकाडावर मी उभी आहे. पाचशे वर्षांपूर्वी माझे धनी गास्तों इटलीच्या मोहिमेवरून परतले, ते तिथल्या उजेडाचे वेड घेऊनच. शेजारच्या गढ्यांना बाण सोडण्यापुरत्या फटी होत्या. मला माणसाहून उंच खिडक्या मिळाल्या. पिवळसर दगडाचा गोल जिना मिळाला आणि शेकोटीच्या कमानीवर एक कोरीव सिंह. गवंड्याने सिंह कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तो थेट त्याच्या कुत्र्यासारखा दिसतो. मला तो फार आवडतो.

पुढे धन्यांचे वंशज पॅरिसला राहायला गेले आणि माझ्या दालनांत धूळ साचली. गावाला मात्र माझा उपयोग बरोबर कळला. अक्रोड वाळवायला माझ्यासारखी कोरडी, हवेशीर फरशी पंचक्रोशीत नव्हती. नाचाच्या दालनात अक्रोड! आधी अपमान वाटला, मग त्या खुळखुळाटाची सवयच लागली.

एका वर्षी वंशजांनी मला बार्बझां नावाच्या दगडांच्या व्यापाऱ्याला विकले. मला पाडून माझे दगड तो पुलाच्या कामावर नेणार होता. ऐन अक्रोडांच्या दिवसांत तो मजूर घेऊन आला. पाडकाम छपरापासून सुरू होते, आणि छपराकडे जायला तो गोल जिना एवढीच वाट.

जिन्याच्या पायरीपायरीवर अक्रोड पसरले होते. त्यांच्या बाजूला आमच्या गावातली लेओनार्दकाकू हाताची घडी घालून उभी होती.

"हे काय?" बार्बझां ओरडला.

"अक्रोड, शेठ. यंदा पीक जोरात आहे. खाली जागाच उरली नाही बघा."

"उचला!"

"ओले आहेत हो. ढीग केला तर बुरशी धरेल."

"मग तुडवत चला रे!"

मजूर हलले नाहीत. वाळत घातलेल्या अक्रोडावर पाय द्यायचा नाही, हे या मुलखातले पोर चालायला लागते तेव्हाच शिकते. मुकादम फिर्मांने डोके खाजवले. "शेठ, आईला कळलं तर ती मला जेवायला वाढायची नाही."

"अरे, पन्नाशीचा घोडा तू!"

"ती ऐंशीची आहे, शेठ. हात अजून चालतो तिचा."

बार्बझां चिडून स्वतःच पुढे झाला. त्याने पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला.

काकू हळूच म्हणाली, "तुम्हीपण अक्रोडाच्याच गावचे दिसता. तुमच्याकडे कुठे वाळवतात?"

"गढीत वाळवायचे."

"आणि आता?"

त्याने पाय मागे घेतला. "ती मीच पाडली. आता निम्मे कुजतात."

"वाळेपर्यंत थांबतो," एवढे बोलून तो निघून गेला.

अक्रोड वाळले, तरी तो फिरकला नाही. पुढच्या वर्षी याच दिवसांत मात्र तो पुन्हा आला. हातोडे नव्हते, गाडीभर ओले अक्रोड होते, त्याच्या गावचे.

"काकू, थोडी जागा होईल का?"

"जागा तुमचीच की, शेठ. फक्त छप्पर गळतंय."

छप्पर त्याने दुरुस्त करून दिले.

मित्रांनो, जुन्या वास्तू नुसत्या कौतुकाने टिकत नाहीत. कोणाला तरी त्यांची गरज असावी लागते. तुमच्या गावातली अशी एखादी वास्तू ओस पडली असेल, तर तिच्या भिंतीवर नाव कोरू नका, तिचे दार उघडा. आणि कधी माझ्याकडे आलात, तर सिंहाच्या नाकावरून खुशाल हात फिरवा. जिना मात्र खाली बघून चढा.