शंभरावी खिंड

"अहो, नको! हात काढा! काढा म्हणतोय ना हात!"

आन्सेल्म ब्युर्दे जिवाच्या आकांताने ओरडला. पण अकरा टक्क्यांच्या चढावर अडुसष्ट वर्षांचा माणूस ओरडतो तेव्हा तोंडातून शब्द कमी आणि वारा जास्त निघतो. त्याच्या पाठीला टेकलेला तळहात पोळपाटाएवढा होता, आणि तो मागे सरायच्या ऐवजी आणखी जोर लावत होता.

"लाजू नका, आजोबा! आपलेच समजा!" हाताचा मालक म्हणाला.

हा मालक म्हणजे योस, बेल्जियममधला खाटीक. उद्या इथून सायकलींची मोठी शर्यत जाणार म्हणून तीन दिवस बायकोसह रस्त्याच्या कडेला गाडी लावून मुक्काम ठोकून बसला होता. शर्यतीआधी जो कुणी हौशी सायकलवाला दिसेल त्याला चार पावलं वर ढकलून द्यायचं, हा तिथल्या मुक्कामकऱ्यांचा रिवाज. आणि पंगतीत जेवणाऱ्याने 'पुरे' म्हटलं की आणखी वाढायचं असतं, अशी योसची ठाम समजूत होती. आन्सेल्म जितका 'नको' म्हणाला तितकं योसने त्याला मनापासून ढकललं. चांगली चाळीस पावलं.

हात निघाला तसा आन्सेल्म सायकलवरून उतरला, ती खडकाला टेकवली आणि खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

योस घाबरला. "छातीत दुखतंय का? हिल्डे, पाणी आण!"

"छातीला काही झालेलं नाही," आन्सेल्म म्हणाला. "तुम्ही माझी खिंड घालवलीत."

मग त्याने सगळं सांगितलं. आन्सेल्म एका जुन्या सायकलमंडळाचा सभासद होता. डोंगरातल्या शंभर खिंडी एकट्याने, पेडल मारत, कुणाच्या मदतीशिवाय चढायच्या, एवढाच मंडळाचा नियम. तपासायला कुणी येत नाही. शेवटी यादी पोस्टाने पाठवायची, की मंडळ एक पितळी बिल्ला पाठवतं. आन्सेल्मने एकतीस वर्षांत नव्याण्णव खिंडी केल्या होत्या. ही कोर्नची खिंड शंभरावी. सप्टेंबरात हृदयाची झडप बदलायची होती, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की यापुढे एवढ्या उंचीवर जायचं ते मोटारीत बसून. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

शर्यतीचा तर त्याला पत्ताच नव्हता. एकट्याने डोंगर हिंडणाऱ्या माणसाला टोळीने पळणाऱ्यांचा मनस्वी तिटकारा. टीव्हीवर शर्यत लागली की तो बागेत जाऊन बसायचा. त्यामुळे वर्षातल्या तीनशे पासष्ट दिवसांतून त्याने नेमका हाच दिवस निवडला होता.

"एवढंच ना?" योसचा जीव भांड्यात पडला. "मी कुणाला सांगत नाही. हिल्डे, तू बोलणारेस का?"

"मी चित्रफीत काढून बहिणीला पाठवलीसुद्धा," हिल्डे अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "पण तिला खिंडीतलं काही कळत नाही हो."

आन्सेल्मला हसू आलं नाही. चौतीस वर्षं त्याने नगरपालिकेच्या पाण्याचे मीटर वाचले होते. घराला कुलूप असलं की बाकीचे मीटरवाले अंदाजाने आकडा टाकून मोकळे व्हायचे. आन्सेल्म दुसऱ्या दिवशी परत जायचा, तिसऱ्या दिवशी परत जायचा. ऑफिसात त्याला सगळे हसत, आणि मीटर दडवून ठेवणारे लोक त्याला शिव्या देत. अशा माणसाला चाळीस पावलं अंदाजाने धरता येत नाहीत.

"हात नेमका कुठे लागला?" त्याने विचारलं.

योसकडे आवडत्या खेळाडूंची नावं रस्त्यावर लिहायला आणलेला पांढरा रंग होता. त्याने मोठ्या आस्थेने आठवून आठवून हात टेकल्याच्या जागी रस्त्यावर आडवी रेघ ओढली. मग जरा खाली सरकून आणखी एक ओढली. "कमी पडायला नको," तो म्हणाला.

पण रेघेपासून निघायचं कसं? एवढ्या उभ्या चढावर थांबलेली सायकल नुसती चालू करायची तर कुणीतरी धरायला हवं, आणि धरणं म्हणजे मदतच की. तेव्हा खालच्या वळणावर, जिथे रस्ता जरा सपाट होतो, तिथवर उतरायचं आणि पुन्हा चढायचं. आन्सेल्मने गुडघे चोळले आणि खाली गेला.

या खेपेला योस बाजूने धावत ओरडत होता, "कुणी हात लावू नका! आजोबांना हात लावायचा नाही!" लोकांनी हात मागे बांधले. एकाने बियरचा डबा ठेवायला वेळ नाही म्हणून दातात धरला. आन्सेल्म दोन्ही रेघांवरून गेला, योसच्या गाडीसमोरून गेला, आणि तिथून पाचवी गाडी होती एका निवृत्त मास्तरीणबाईंची. त्या आत कॉफी करत होत्या. घामाने निथळणारा म्हातारा खिडकीतून दिसताच त्या शर्यतीची लाल ठिपक्यांची टोपी सावरत बाहेर धावल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी आन्सेल्मला असं ढकललं की तो जवळजवळ हँडलवरून पुढे गेला.

"बाई!" योसने कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं? बिचाऱ्याला कुणी मदत करेना, नुसते बघत काय उभे राहिलात पुतळ्यासारखे?"

त्यांना समजावून सांगेपर्यंत आन्सेल्म पुन्हा खडकावर बसला होता. तेवढ्यात फोन वाजला. बायको, सोलांज.

"झाली का शंभर?"

"होतायत."

"वर बसून कसली वाट बघतोयस? सहा वाजता लोक जेवायला यायचेत."

"जरा मोजणी चाललीय," आन्सेल्म म्हणाला आणि फोन ठेवला.

तिसऱ्या खेपेला योसने थेट वरपर्यंत निरोप धाडला. पोरं, म्हातारे, मास्तरीणबाई, सगळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हात पाठीशी धरून गप उभे राहिले. एवढी माणसं आणि एवढी शांतता त्या डोंगराने शर्यतीच्या आदल्या दिवशी कधी पाहिली नसावी. आन्सेल्मच्या साखळीची करकर तेवढी ऐकू येत होती. तो पहिल्या रेघेवरून गेला. दुसऱ्या रेघेवरून गेला. मास्तरीणबाईंच्या गाडीशी आला तेव्हा पुढचं चाक डावीकडे झुकलं, मग उजवीकडे झुकलं. बाईंचे हात पाठीमागून सुटून पुढे आले, तसे योसने ते धरून ठेवले. आन्सेल्मने आणखी बारा पेडल मारली. तेरावं बसेना. त्याने सगळं वजन त्यावर टाकलं, तरी ते तसूभर हललं नाही. पाय खाली टेकला.

वर वळणामागे खिंडीची पाटी दिसत होती, उन्हात, जेमतेम नऊशे मीटरवर. आन्सेल्मने मागे वळून सपाट जागेकडे पाहिलं आणि त्याला कळलं की पाय आता तिथून इथवरही आणणार नाहीत. एकतीस वर्षांत पायांनी त्याला असं तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"आजोबा, सावलीत बसा," योस हळूच म्हणाला. "थोड्या वेळाने पुन्हा बघू. आम्ही उद्यापर्यंत आहोतच."

"नाही," आन्सेल्म म्हणाला. त्याने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि सीटवर बसला. "वर काय दिसतं ते तरी बघायला हवं. या, ढकला."

योसला खरं वाटेना. "नक्की?"

"आता काय, आमंत्रण छापू?"

योसने पाठीला हात लावला, या वेळी अंडं उचलावं तसा. दोनशे पावलांनी तो दमला तेव्हा दुसऱ्याने हात लावला, मग तिसऱ्याने. मास्तरीणबाईंनी आपला वाटा सोडला नाही. आन्सेल्मने पेडलवर पाय नुसते ठेवले होते, आणि आजूबाजूला बघत होता. नव्याण्णव खिंडी त्याने पुढच्या चाकाकडे बघत चढल्या होत्या. दरीच्या पलीकडे एवढे गवताचे उतार असतात, हे त्याला आज दिसलं.

माथ्यावर गार वारा होता. ढकलणारे टाळ्या वाजवून पुन्हा खाली आपापल्या गाड्यांकडे गेले. आन्सेल्मने जाकीट घातलं आणि सोलांजला फोन लावला.

"पोचलो वर."

"मग? शंभर?"

"नव्याण्णव."

पलीकडे सोलांजने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आन्सेल्म फोन कानाला धरून उभा राहिला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "ये आता घरी. ब्रेक दाबत ये, वळणं वाईट आहेत."

"हो," तो म्हणाला, आणि ब्रेक दाबत खाली उतरायला लागला.