सगळ्यात बारीक ओळ

पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे चष्मेवाल्याला नेमकं गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच आठवायचं. एकदा तर एकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवून तो तसाच उभा राहिला. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "काच घालताय ना? की नुसतीच फ्रेम घेऊन जाऊ?"

पत्र म्हाताऱ्या पाळकसाहेबांचं होतं. त्यांनीच त्याला लहानपणी प्रार्थना शिकवली, त्यांनीच त्याचं लग्न लावलं. आता ते निवृत्त होऊन लांब मुलीकडे राहत होते. पत्रात गुडघेदुखी होती, बागेतल्या मुंग्या होत्या आणि शेवटी एक प्रश्न होता : 'रोज थोडा वेळ प्रभूजवळ बसतोस का? एवढंच कळव.'

एवढंच तर कळवता येत नव्हतं. 'बसतो' म्हणावं तर खोटं. 'नाही' लिहायला हात धजेना. आधी बसायला लागू, मग लिहू, असं ठरवून त्याने पत्र काचांच्या खणात ठेवून दिलं. ठेवताना सवयीने अक्षर मात्र निरखलं. मोठं, आणि ओळ सोडून खाली उतरणारं. साहेबांची नजर झपाट्याने जात होती. त्यांना वाचता येतंय तोवर उत्तर गेलं तरच त्याला अर्थ होता.

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. पहाटे पवित्र शास्त्र उघडून बसला, तर दूध उतू गेलं. दुपारी बसला, तर मेहुण्याचा फोन आला आणि तो आपल्या मूळव्याधीवर सविस्तर बोलला. संध्याकाळी डोळे मिटून बसला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, प्रार्थनेत घोरत नाहीत."

"घोरत नव्हतो. श्वास घेत होतो."

"मग शेजारीण का विचारते, मिक्सर लावलाय का म्हणून? आणि त्या पत्राचं काय झालं? उत्तर म्हणजे काय अंडं आहे, इतके दिवस उबवायला?"

बायकोचं बरोबर असलं की तो बोलत नसे. म्हणजे बहुतेक वेळा नसेच.

खरं तर त्याने एक युक्ती फार पूर्वी केली होती. जवळचं वाचून घ्यायचं कार्ड असतं ना, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत जाणारी, ते त्याने स्वतः छापून घेतलं होतं. त्यावर बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र होतं, हिरव्या कुरणाचं आणि संथ पाण्याचं. आपल्याला वाचायला वेळ नाही, निदान दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडून तरी कानावर पडेल, असा त्याचा हिशेब. पडतही होतं. पण त्याचा कान असायचा तो जीभ कुठे अडखळते त्यावर. हिरव्या कुरणात अडखळली की एक नंबर, पाण्याजवळ अडखळली की दुसरा. स्तोत्राचं त्याने माप करून टाकलं होतं.

एके दिवशी आत्या आल्या. त्या त्याच्या सख्ख्या आत्या नव्हत्या. चर्चच्या अख्ख्या मंडळीच्याच आत्या होत्या. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, फ्रेम चढवली, हातात कार्ड दिलं, आणि फोन वाजला.

"येताना गॅसची नळी आणा," बायको म्हणाली. "मागच्या वेळेसारखी बागेची आणू नका."

तो फोनवर असतानाच आत्यांनी सुरुवात केली. कुरण गेलं, पाणी गेलं. शेवटच्या ओळीपाशी, मरणाच्या अंधाऱ्या दरीतही तू माझ्यासोबत आहेस या ओळीपाशी, त्या क्षणभर थांबल्या, श्वास घेतला आणि तीही पार केली. ती ओळ इतकी बारीक होती की बरेच तरुणसुद्धा तिथे हात टेकत.

"वा आत्या! या वयात शेवटची ओळ!" त्याने फोन ठेवला आणि त्याचे डोळे विस्फारले. "अहो, फ्रेममध्ये काचच नाही!"

"मला काय ठाऊक? तू चढवलीस, मी म्हटलं."

"मग वाचलंत कसं?"

"वाचलं कुठे रे? वरची मोठी अक्षरं लागली, पुढचं तोंडपाठ आहे. आपल्या मंडळीत कुणाला पाठ नाही?"

चष्मेवाला स्टुलावर बसला. सगळ्या मंडळीचे डोळे त्याने याच कार्डावर तपासले होते.

"म्हणून उपासनेत सगळे गीतपुस्तक हात लांब करून धरतात होय!" तो म्हणाला. "मला वाटायचं, छपाई वाईट आहे."

आत्या इतक्या हसल्या की फ्रेम घसरून हनुवटीवर आली. हसू ओसरल्यावर त्याने भीत भीत विचारलं, "आत्या, तुम्हाला या सगळ्याला वेळ कधी मिळतो?"

"वेळ? दोन नातवंडं आहेत माझ्या पदरी. भांडी घासताना म्हणते. मध्येच एक रडतं, दुसरं रडवतं. ओळ तुटली की तिथूनच उचलते. प्रभू काय तेवढ्यात निघून जातो?" त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "पण ही दरीची ओळ एवढी बारीक का छापलीस? हे गेले तेव्हा माझ्यापाशी तेवढीच होती."

"शेवटी आली म्हणून," तो पुटपुटला. हे उत्तर त्याला स्वतःलाच पटलं नाही.

त्याने काचा घातल्या आणि या वेळी पाठ नसलेला मजकूर, औषधाच्या बाटलीवरचा कागद, वाचायला दिला. आत्या दुसऱ्याच ओळीत अडकल्या. नंबर नीट निघाला. मग त्या आरशासमोर फ्रेमी लावून बघत बसल्या. माणसं आरशापुढे वेळ लावतात तेव्हा चष्मेवाला एरवी किल्ल्या खुळखुळवत उभा राहायचा. आज कार्ड त्याच्या हातातच होतं. त्याने पहिली ओळ वाचली. कुठे अडखळायचं याचा विचार न करता वाचली.

"ही बरी दिसते का रे?"

"त्यापेक्षा ती तपकिरी." आणि तो कुरणात परत गेला.

पुढचे काही दिवस मंडळी एकेक करून फेरतपासणीला आली, त्याला यथेच्छ चिडवून गेली आणि आरशापुढे रेंगाळली. त्याला ओळी मिळत गेल्या. कधी दोन, कधी अर्धी.

मग एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, त्याने जाड पेन घेतलं आणि कार्डावरच्या पहिल्या ओळीएवढ्या अक्षरांत लिहिलं :

'बसतो असं म्हणवत नाही. उभ्यानेच होतं, गिऱ्हाईक आरशात बघतं तेवढ्यात. मध्येच तुटतं. मग तिथूनच उचलतो. हे चालतं का, मला माहीत नाही. तुम्ही सांगा.'

एवढ्यात कागद संपला. सही मागच्या बाजूला गेली.

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी त्याने पाकीट एकदा उलटसुलट पाहिलं. पत्ताही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत पडला होता, पार कडेपर्यंत. पोस्टमनची नजर चांगली होती, त्याला एवढं लागलं नसतं. पण आता कोण बदलत बसणार, म्हणून त्याने पाकीट आत सोडलं.