जिथं लाट फुटत नव्हती

मोहने गावच्या कारखान्यातल्या पोरांनी एक्याण्णवच्या मे महिन्यात टेम्पो केला आणि पालघरच्या पुढच्या एका किनाऱ्यावर सहल काढली. त्यांच्यातल्या उत्तमने बायको रतनला बरोबर घेतलं आणि सासऱ्यालाही बोलावलं. गुणाजी आला, हीच मोठी बातमी. दिवा गावाजवळच्या खाडीत जन्म काढलेला कोळी तो. रतनने घाटावरच्या पोराशी लग्न केलं म्हणून तीन वर्षं लेकीच्या दारात गेला नव्हता.

किनारा देखणा होता. सुरूचं बन, लांबच लांब वाळू आणि माणसाहून उंच लाटा. एक गोरा फळीवर उभा राहून लाटेवरून घसरत येत होता.

"मामा, बघा तुमचा गोरा भाऊ," उत्तम म्हणाला. "होडी परवडली नाही वाटतं बिचाऱ्याला!"

गुणाजी खो खो हसला. जावयाच्या बोलण्याला पहिल्यांदाच.

"मामा, कुठं उतरू? या लाटा तर माझ्या डोक्यावरून जातील."

गुणाजीने ऐटीत पाण्यावर नजर टाकली. दोन्हीकडे लाटा फेसाळत फुटत होत्या, मधे एक पट्टा मात्र काळसर आणि शांत. खाडीत असंच गप पाणी बघून होडी लावायची असते. त्यात विचार तो काय करायचा?

"तिथं जा, उत्तमराव. लाट फुटतच नाय तिथं."

"बाबा, त्याला पोहता येत नाही हां," रतन म्हणाली.

"अगं, कंबरभर पान्यात कोन पोहतंय? मी हाय ना!"

उत्तम गेला. गुडघाभर, कंबरभर. मग तो मागे वळून हात हलवू लागला. पोरांना वाटलं मजा करतोय, त्यांनीही हात हलवले. गुणाजीने पाहिलं, उत्तम चालत नव्हता तरी लांब जात होता.

गुणाजी धोतर खोचून धावला. पाण्याने त्याच्याही पायाखालची वाळू ओढून घेतली. मासळी सुकवणारी कमळाबाई ओरडत आली आणि तिने त्याला दंडाला धरून मागे खेचलं.

"मरायचंय का रं? कोनी सांगितलं तिथं जायला? लाट फुटत नाय म्हंजे पानी तिथून भायेर चाललंय!"

गुणाजीला आपलेच शब्द आठवले. लग्नाच्या दिवशी बंदरावर, साऱ्या कोळीवाड्यादेखत तो गरजला होता, 'त्या घाट्याला खाडीत बुडवीन.' आता कोण म्हणेल चूक झाली? गाव सोडा, रतन म्हणेल?

"बाबा, कुठाय तो? दिसत नाही!" रतन किंचाळत होती.

काळं डोकं वर आलं. गेलं. पुन्हा आलं.

कमळाबाईने पदर सोडून हवेत फिरवला. "ए गोऱ्या! मानूस! मानूस!" त्याला शब्द कळले नाहीत, पदर कळला. तो फळीवर पालथा पडला, हातांनी पाणी मारत गेला आणि उत्तमला फळीवर ओढून घेतलं. पण सरळ किनाऱ्याकडे आला नाही. पाण्याची ओढ चुकवायला आडवाच निघाला, किनाऱ्याला धरून लांबवर. तिथं लाटेने दोघांना वाळूत आणून टाकलं.

उत्तम पालथा पडून पाणी ओकत होता. भोवती पोरं जमली. काळुराम म्हणून त्याच्या खात्यातला एक होता, तो म्हणाला, "घाटावरच्यांना पाण्यातलं काय कळतंय! सांगितलंय कोणी शहाणपणा करायला?"

सगळे माना डोलवू लागले. गुणाजी गप्प राहिला असता तर प्रकरण तिथंच मिटत होतं. त्याच्या मनात ते आलंही. आलं नाही असं कोण म्हणेल?

"त्याला नको बोलूस," तो म्हणाला. "मीच धाडला त्याला तिथं."

रतन उठली, बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाय गं. मना वाटलं, मना पानी कलतं."

रतन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला खरं वाटलं की नाही, ते विचारायची गुणाजीची छाती झाली नाही.