दाक्षायणीच्या छातीतला मुक्काम

मी पेसमेकर बोलतोय. आवाज बारीक येत असेल तर जरा कान देऊन ऐका, कारण माझी बॅटरी संपली आहे. तरुणपणी मी मिनिटाला सत्तर वेळा बोलायचो आणि एकदाही चुकायचो नाही. ही बढाई समजू नका. चुकून चालण्यासारखं माझं कामच नव्हतं.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायकांनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, पाऱ्याच्या बॅटऱ्या बसवल्या आणि वरून राळ ओतून मला कायमचं बंद करून टाकलं. आकारानं मी बूटपॉलिशच्या डबीएवढा. अंगातून एक लांब वायर निघायची, तेवढाच काय तो माझा हात. खोक्यात बसून बोटीनं मुंबईला आलो तेव्हा आपल्याला पुढं काय करायचंय याचा मला पत्ता नव्हता.

१९७४ सालच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दाक्षायणीबाईंची आणि माझी गाठ पडली. बाई सोलापूरच्या, भवानी पेठेतल्या. नवरा रुद्रप्पा. खाली चार यंत्रमाग आणि वर दोन खोल्यांचा संसार. मागावर चादरी निघायच्या आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या दाक्षायणी भरायची. एका दुपारी कांड्या भरता भरता ती जागेवरच कोसळली. क्षणात उठून बसली आणि काही झालंच नाही असं म्हणाली. मग पुन्हा तसंच झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मनगट धरलं ते किती तरी वेळ सोडलंच नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला हुकूम खाली पोचत नव्हता, त्यामुळं हृदय मनाला येईल तेव्हा चालायचं आणि मनाला येईल तेव्हा थांबायचं.

मुंबईच्या डॉक्टरांनी माझी वायर शिरेतून तिच्या हृदयात सोडली आणि डाव्या खांद्याखाली कातडीचा खिसा करून मला त्यात ठेवलं. मी पहिला ठोका दिला. हृदय उचललं गेलं. दुसरा दिला, पुन्हा उचललं गेलं. तो आनंद तुम्हाला कसा सांगू? तोवर मी एक वस्तू होतो, त्या घटकेपासून मी कुणाचा तरी झालो.

खिशाच्या शेजारीच तिच्या गळ्यातलं इष्टलिंग लोंबायचं. रोज सकाळी आंघोळ करून ती त्याला डाव्या तळहातावर घ्यायची, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायची. माझ्याकडं कोण बघतंय? थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. दर आठवड्याला नाडी मोजा, ती मंदावली की बॅटरी संपत आली असं समजून लगेच या. आणि विजेच्या चालू मोटारीपासून लांब राहा. एवढं सांगून ते दुसऱ्या पेशंटकडं वळले.

रुद्रप्पा सज्जन माणूस, पण त्याचा सगळा विचार मागाच्या वाटेनं चालायचा. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "शेजारी शेजारी दोन माग असले की काय होतंय तुला ठावं हाय. एकाचा जोर वाढला की दुसरा त्येच्या नादाला लागतोय."

"मग?"

"ही तर एवढीशी डबी. खाली चार माग रातंदिस आपटत्यात. ही त्यांच्या ठेक्यावर पळाय लागली तर तुजं काय हुईल?"

"डॉक्टर मोटार म्हनले की ओ. मागाचं कुटं म्हनले?"

"त्यास्नी मागातलं काय कळतंय? मोटार म्हंजे मागच की."

माग बंद ठेवले तर चूल बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून सोलापूरला उतरून ती घरी गेलीच नाही. स्टेशनावरच गाडी बदलून रुद्रप्पानं तिला दुधनीला तिच्या भावाकडं, गुरुबसप्पाकडं नेऊन सोडलं. "थोडं दिस," तो म्हणाला आणि आपण न्यायला येईपर्यंत परत यायचं नाही, असा तिच्याकडून शब्द घेतला.

आता खरं काय ते सांगतो. आवाजाचं मला काडीचंही वावडं नव्हतं. मोटार चालू असताना कुणी थेट तिच्यावर छाती टेकली तर माझा गोंधळ उडाला असता, बस्स. पण हे मी सांगू कसं? माझ्याकडं बोलायला एकच शब्द होता, ठोका. तोच मी देत राहिलो आणि त्याचा अर्थ कुणाला लागला नाही.

दुधनीला तर लोकांनी कमालच केली. गुरुबसप्पानं भिंतीवरचं घड्याळ बंद करून फडताळात टाकलं. मी त्याच्या टिकटिकीला भुलेन म्हणे. शेजारच्या बायका मिरच्या कांडायला बसल्या की वहिनी गौरम्मा पळत जायची आणि "आमच्या वन्संच्या छातीत मिशीन हाय, तुमी पलीकडच्या गल्लीत कांडा की," म्हणून हात जोडायची. भजनाची ढोलकीसुद्धा दोन घरं लांब गेली. सगळे इतक्या मायेनं वागायचे की दाक्षायणीला रडायचीही चोरी.

त्या घरात इतकी शांतता झाली की तिला झोप येईना. लग्न होऊन सोलापूरला आली त्या दिवसापासून ती मागांच्या खडखडाटात झोपलेली. कुठला माग कसा वाजतो, हे तिला आपल्या माणसांच्या आवाजासारखं माहीत होतं. आता कूस बदलली की तिला फक्त मीच ऐकू यायचो.

रुद्रप्पा दर सोमवारी यायचा. येताना नवी चादर आणायचा आणि जुनी घेऊन जायचा. नव्या चादरीला खळीचा वास असायचा. तो गेला की दाक्षायणी त्या चादरीत तोंड खुपसून पडून राहायची. तो आला की आधी मनगट धरून नाडी मोजायचा आणि हिशेब बरोबर आला की मग पाणी प्यायचा.

"तिसरा माग कसा चाललाय?" ती विचारायची.

"चाललाय की."

"अजून अडखळतोय का?"

"थोडा. तुज्यासारकं कान कुनाला हाय तितं?"

ती जुनी चादर घडी करून त्याच्या पिशवीत ठेवायची. मग गाडीची वेळ व्हायची. 'बर्तीनि' म्हणून तो उठायचा. येतो, असं म्हणून जायची रीत कानडीतही आहे आणि मराठीतही. तिला मात्र दर वेळी तो गेलेलाच दिसायचा.

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष उलटलं. एका दुपारी ती कुणाला न सांगता स्टेशनावर गेली. सोलापूरची पॅसेंजर आली. डब्याचा दांडा तिनं धरला, एक पाय वर ठेवला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, चढ बाई, चढ. मी सांभाळीन. शिट्टी झाली आणि तिनं पाय खाली घेतला.

"त्यास्नी शब्द दिलाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग पदराखालून माझ्यावर हात ठेवला. "तुज्यापायी बग. तू नसतास तर मी मेले असते आनि तू हायस तर मला घर न्हाय."

एवढी खरी गोष्ट मला आजवर कुणी ऐकवली नव्हती. मला राग आला नाही. आपण जिला जगवतो तिच्याच वाटेत आडवे पडलोय, हे कळणं फार वाईट असतं. त्या दिवसापासून तिची ओढ माझीही ओढ झाली. मी कधीही न पाहिलेल्या त्या चार मागांसाठी मीसुद्धा झुरायला लागलो.

दुसरंही वर्ष उलटलं आणि पावसाळ्यानंतर एका सोमवारी रुद्रप्पानं नाडी मोजली, पुन्हा मोजली, आणि पाणी न पिताच उठला. माझी बॅटरी सरत आली होती. दोघं तशीच मुंबईला निघाली.

डॉक्टरांनी तपासलं, नवा पेसमेकर बसवू म्हणाले. सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "सोलापूर सोडून दुधनीत का राहता?"

रुद्रप्पानं मागांचं सगळं समजावून सांगितलं, नादाला लागण्याचंही. डॉक्टर ऐकतच राहिले.

"आवाजानं काही होत नाही हो. चालू मोटारीवर वाकू नका, हातभर लांब राहा, एवढंच मला म्हणायचं होतं. तुम्ही विचारलं का नाही?"

विचारायचं असतं हे रुद्रप्पाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. दाक्षायणी हसली की रडली, ते मला कळलं नाही. तिचं हृदय मात्र माझी वाट न बघता स्वतःच चार ठोके धावलं. मी बाजूला झालो आणि धावू दिलं.

दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढलं. मला टाकून देत होते, पण रुद्रप्पानं मागून घेतलं आणि कापसात गुंडाळून पिशवीत ठेवलं. अजून थोडी धुगधुगी होती, म्हणून परतीच्या गाडीतलं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"दोन वर्सं घालवली मी तुजी," रुद्रप्पा म्हणाला.

"आपली दोगांची गेली," ती म्हणाली. "तुमी तरी कुटं सुकानं जेवलासा? जाऊ द्या. आता मला कोनी हलवायचं न्हाय."

त्याला आता वर्ष झालं. भवानी पेठेतल्या वरच्या खोलीत, फळीवर, मी पडून असतो. खाली माग आपटतात आणि फळी थरथरते. दाक्षायणी जिन्यात बसून भाजी निवडते आणि मधेच ओरडते, "ओ, तिसऱ्याचं बगा, तार तुटली." रुद्रप्पा पळतो. दोघांच्या चेहऱ्यावर आता चांगलं तेज आलंय. ते बघून मला बरं वाटतं, अगदी मनापासून.

पण माणसांनो, एक सांगू? कुणाला परत आणायला धडपडलात की ज्याच्या जिवावर ते माणूस तग धरून राहिलं, त्याच्याकडंही एकदा बघा. तिचं घर तिला मिळालं. माझं घर म्हणजे तिच्या डाव्या खांद्याखालची दोन बोटं जागा, अंधारी आणि ऊबदार. तिथं आता दुसरा राहतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं तिला सांभाळावं.

परवा फळी पुसताना तिनं मला हातात घेतलं. कापूस बाजूला केला, अंगठ्यानं माझ्यावरची धूळ काढली आणि मायेनं म्हणाली, "सुटलास बग, बाबा."

मग मला जागेवर ठेवून ती कांड्या भरायला खाली गेली. मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिलो. मला सुटायचं नव्हतं, दाक्षायणी.